पाय कोणाचे? सेंत एतिएनला खेळायला आलेल्या तीन तरुणांची गोष्ट

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज सुरुवात एका टॅक्सीपासून करतो. साल १९६७, सप्टेंबर महिना. पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावर एक वीस वर्षांचा मुलगा उतरला. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा, सालिफ केटा नावाचा. त्याला घ्यायला क्लबची माणसं येणार होती. ती आलीही होती, पण वाट बघत होती पॅरिसच्या दुसऱ्याच विमानतळावर, ल बूर्जेला. मुलगा बाहेर आला, ओळख दाखवणारं कोणी दिसेना. मग त्याने सरळ एक टॅक्सी केली आणि चालकाला सांगितलं, सेंत एतिएनला जायचंय.

आता हे सेंत एतिएन काही पॅरिसचं उपनगर नाही. ते पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. म्हणजे आपल्याकडे सांताक्रुझला उतरायचं आणि टॅक्सीवाल्याला म्हणायचं, "पणजीला चल." एवढं भाडं द्यायला मुलाकडे पैसे नव्हते. टॅक्सी सेंत एतिएनला पोचली आणि भाडं क्लबने भरलं.

फ्रान्समधल्या फुटबॉलप्रेमींना ही गोष्ट तोंडपाठ आहे. ती हसत हसतच सांगितली जाते, आणि मलाही आवडते. पण त्या गोष्टीत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो हसण्यासारखा नाही. केटाला सोडायची मालीच्या फुटबॉल अधिकाऱ्यांची तयारी नव्हती. देशातला सगळ्यात चांगला खेळाडू. तो गेला तर संघात राहिलं काय? दुसरीकडे, त्याला आणण्यासाठी एक फ्रेंच क्लब पैसे खर्च करायला बसलेला. मग त्या मुलाचे पाय नक्की कोणाचे? त्याचे स्वतःचे? ज्या मैदानावर तो शिकला तिथल्या क्लबचे? देशाचे? की ज्याने टॅक्सीचं भाडं भरलं त्याचे?

परदेशात खेळणाऱ्या खेळाडूची कारकीर्द सांगताना आपण गोल मोजतो, चषक मोजतो. ते मोजायलाच हवेत. पण प्रत्येक गोलाच्या मागे एक कागद असतो. कधी तो करार असतो, कधी परवाना, कधी पासपोर्ट. मला आज त्या कागदांचा इतिहास सांगायचा आहे. त्यासाठी मी एकच गाव निवडलं आहे. कारण या गावात पंधरा वर्षांच्या आत आफ्रिकेतून तीन तरुण खेळायला आले. तिघांचे कागद तीन प्रकारचे होते, आणि पाय कोणाचे या प्रश्नाची तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली.

गाव आणि करार

आधी गाव. सेंत एतिएन म्हणजे कोळशाच्या खाणी, शस्त्रांचे आणि सायकलींचे कारखाने, रिबिनींचे माग. कामगारांचं गाव. पोलंड, इटली, अल्जीरिया, कुठून कुठून माणसं तिथे खाणीत कामाला आलेली. फुटबॉल क्लबही गावासारखाच. कझिनो नावाची किराणा दुकानांची मोठी साखळी तिथे होती, तिच्या नोकरांनी क्रीडामंडळ काढलं, त्यातून हा क्लब झाला. दुकानांचा रंग हिरवा म्हणून संघाचा सदरा हिरवा. मैदानाला नावही त्या साखळीच्या संस्थापकाचं, जोफ्रुआ गिशार. शनिवारी खाणीतून वर आलेला माणूस रविवारी या मैदानावर ओरडायला जायचा. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर ज्यांनी पेठापेठांचे सामने बघितलेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता करार. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. त्या काळी फ्रान्समध्ये एखाद्या मुलाने व्यावसायिक खेळाडू म्हणून सही केली की तो वयाच्या पस्तिसाव्या वर्षापर्यंत त्या क्लबला बांधला जायचा. पस्तिसाव्या! म्हणजे फुटबॉलपटूचं सगळं आयुष्यच झालं की. पगार क्लब ठरवणार. दुसऱ्या क्लबला विकायचं की नाही, कोणाला, कितीला, हेही क्लब ठरवणार. खेळाडूला विचारायची गरज नव्हती. आणि क्लबने ठेवूनही घेतलं नाही, सोडलंही नाही, तर खेळाडूने घरी बसायचं.

रेमों कोपा हे नाव तुम्ही ऐकलं असेल. फ्रान्सचा १९५० च्या दशकातला सर्वात मोठा खेळाडू. पोलंडमधून आलेल्या खाणकामगारांच्या घरातला, स्वतः मुलगा असताना खाणीत काम केलेला. रेआल माद्रिदकडून युरोप जिंकून आला. त्याने १९६३ मध्ये जाहीरपणे म्हटलं की व्यावसायिक फुटबॉलपटू हे गुलाम आहेत. त्याबद्दल त्याच्यावर कारवाई झाली. कोपासारख्याची ही स्थिती, तर आफ्रिकेतून एकट्याने आलेल्या अठरा वर्षांच्या पोराची काय असेल? त्याला तर करार कोणत्या भाषेत लिहिलाय इथपासून सुरुवात.

पहिला तरुण: रशीद मेखलुफी

मेखलुफी १९३६ चा, अल्जीरियातल्या सेतिफ गावचा. सेतिफ हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. ८ मे १९४५, युरोपात महायुद्ध संपल्याचा आनंदाचा दिवस, त्याच दिवशी सेतिफमध्ये स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत फ्रेंच लष्कराने त्या भागात हजारो माणसं मारली. मेखलुफी तेव्हा आठ वर्षांचा होता.

अठराव्या वर्षी, १९५४ मध्ये, तो सेंत एतिएनला आला. त्याचा कागद काय होता? कागदावर तो परदेशी नव्हताच. अल्जीरिया हा फ्रान्सचाच भाग, असं फ्रेंच सरकारचं म्हणणं होतं. त्यामुळे तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही खेळू शकत होता, आणि खेळला. १९५७ मध्ये सेंत एतिएनने पहिल्यांदा फ्रान्सची लीग जिंकली त्यात मेखलुफीचा मोठा वाटा. त्याच वर्षी फ्रान्सच्या लष्करी संघाबरोबर त्याने जागतिक लष्करी स्पर्धाही जिंकली. एकवीस वर्षांचा मुलगा. समोर १९५८ चा स्वीडनमधला वर्ल्डकप. संघात त्याचं नाव येण्याची चांगली शक्यता.

आणि एप्रिल १९५८ मध्ये तो नाहीसा झाला. एकटा नाही. फ्रान्सच्या वेगवेगळ्या क्लबांतले दहाएक अल्जीरियन खेळाडू जवळजवळ एकाच वेळी गायब झाले. मेखलुफी आणि त्याचे साथीदार गाडीने स्वित्झर्लंडची सीमा ओलांडून इटलीत गेले आणि तिथून ट्युनिसला. तिथे अल्जीरियाच्या मुक्ती आघाडीने, एफएलएनने, आपला फुटबॉल संघ उभा केला होता. देश अजून स्वतंत्र नाही, पण संघ आहे, झेंडा आहे, राष्ट्रगीत आहे.

यात त्याने काय पणाला लावलं ते बघा. वर्ल्डकप गेला. क्लबचा पगार गेला. आणि तो त्या वेळी फ्रेंच लष्करात सक्तीची सेवा करत होता, त्यामुळे पळून जाणं म्हणजे लष्करातून पळणं. पकडला गेला असता तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाणार. फिफाने या संघाला मान्यता दिली नाही. जो देश त्यांच्याशी खेळेल त्याच्यावर कारवाईची धमकी. तरी चार वर्षं हा संघ पूर्व युरोप, अरब देश, चीन, व्हिएतनाम असा फिरत राहिला. एकविसाव्या ते पंचविसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे कारकिर्दीची ऐन उमेदीची वर्षं, मेखलुफी असे सामने खेळला ज्यांची अधिकृत नोंद कुठेच नाही.

१९६२ मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. आणि मेखलुफी, थोडा काळ जिनिव्हात खेळून, परत कुठे आला? सेंत एतिएनलाच. आता कागदावर तो खरोखरचा परदेशी. युद्ध नुकतंच संपलेलं. गावातल्या कितीतरी घरांतली मुलं त्या युद्धात लढून आलेली. तरीही क्लबने त्याला घेतलं, आणि त्या मैदानाने त्याला पुन्हा आपलं मानलं. संघ तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. १९६३ मध्ये तो वर आला, १९६४ मध्ये थेट लीग जिंकला.

मे १९६८. पॅरिसमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरलेले. त्याच महिन्यात फ्रेंच चषकाचा अंतिम सामना झाला. सेंत एतिएनने बोर्दोला २-१ असं हरवलं. दोन्ही गोल मेखलुफीचे. आणि चषक द्यायला कोण, तर राष्ट्राध्यक्ष द गोल. दहा वर्षांपूर्वी ज्या देशाच्या सैन्यातून हा मुलगा पळाला, त्या देशाचा प्रमुख त्याच्या संघाच्या हाती चषक देतोय. पाय कोणाचे, याचं मेखलुफीचं उत्तर होतं: देशाचे, आणि देशाचं काम झाल्यावर मग माझे.

दुसरा तरुण: यूजेन न्जो लेआ

हे नाव फार कमी लोकांना माहीत असतं. मला विचाराल तर तिघांत सगळ्यात जास्त बदल यानेच घडवला.

न्जो लेआ कॅमेरूनचा, १९३१ चा जन्म. कॅमेरून तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या वतीने फ्रान्स सांभाळत होता; म्हणजे ना पुरती वसाहत, ना स्वतंत्र देश. त्याचा कागद तसाच अधांतरी. तो फ्रान्सला आला होता शिकायला. आपल्याकडच्या आईवडिलांना आवडेल असा मुलगा: अभ्यास आधी, खेळ नंतर. सेंत एतिएनजवळच्या एका खाणगावच्या संघात खेळताना तो नजरेत भरला आणि १९५४ मध्ये क्लबने त्याला घेतलं. म्हणजे मेखलुफी आणि तो एकाच सुमाराला आले आणि पुढच्या फळीत शेजारी शेजारी खेळले. १९५७ च्या विजेतेपदात गोलांचा मोठा हिस्सा न्जो लेआचा.

खेळता खेळता त्याने कायद्याचा अभ्यास चालू ठेवला. क्लब बदलला तेव्हा ल्योंला गेला, पुढे पॅरिसला. आणि कायदा शिकलेल्या माणसाने स्वतःचा करार वाचला, तर त्याला काय दिसेल? हे कुठल्याही कारखान्यात चाललं नसतं. सेंत एतिएनच्या खाणीतला कामगारसुद्धा नोटीस देऊन दुसऱ्या खाणीत जाऊ शकत होता. त्याच्या टाळ्या घेणारा फुटबॉलपटू जाऊ शकत नव्हता.

१९६१ मध्ये न्जो लेआ, ज्युस्त फोंतेन आणि एक वकील यांनी पुढाकार घेऊन फ्रान्सच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंची संघटना काढली. फोंतेन म्हणजे एकाच वर्ल्डकपमध्ये तेरा गोल करणारा. तो विक्रम आजही मोडलेला नाही. तोही मोरोक्कोत जन्मलेला, तिथून फ्रान्सला खेळायला आलेला. फोंतेनच्या नावाला वजन होतं, न्जो लेआकडे कायद्याची भाषा होती.

संघटनेची मुख्य मागणी एकच: कराराला मुदत असावी. दोन वर्षं, तीन वर्षं, जी ठरेल ती. ती संपली की खेळाडू मोकळा. मालक मंडळींना ही मागणी म्हणजे प्रलय वाटत होता. मे १९६८ मध्ये काही फुटबॉलपटूंनी फुटबॉल महासंघाच्या पॅरिसमधल्या कार्यालयाचाच ताबा घेतला आणि फुटबॉल फुटबॉलपटूंचं आहे असा फलक लावला. ते मुख्यतः हौशी खेळाडू होते, पण वातावरण काय होतं ते कळतं. १९६९ मध्ये मुदतीचा करार आला. पस्तिशीपर्यंतची बेडी तुटली.

न्जो लेआ त्याआधीच मैदानातून बाहेर पडला होता. कॅमेरून स्वतंत्र झाल्यावर तो त्या देशाच्या परराष्ट्र सेवेत गेला. पाय कोणाचे, याचं त्याचं उत्तर सरळ होतं: ज्याचे त्याचे. आणि तसं कायद्यात लिहून घेतलं पाहिजे.

तिसरा तरुण: सालिफ केटा

आता आपला टॅक्सीवाला मुलगा. केटा १९४६ चा, बामाकोचा. माली १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तो चौदाही पूर्ण नव्हता. म्हणजे हा मेखलुफीसारखा स्वातंत्र्यासाठी पळालेला नाही. स्वातंत्र्य मिळालेल्या देशात वाढलेला आहे. त्याच्या खिशात स्वतःच्या देशाचा पासपोर्ट आहे. या मुलांवर एक वेगळाच भार असतो. नवा देश, नवा झेंडा, आणि तो झेंडा जगाला दाखवायचा कसा? फुटबॉलने. १९६५ मध्ये ब्राझाव्हिलला पहिले अखिल आफ्रिकी खेळ झाले, मालीचा संघ अंतिम फेरीत गेला. पुढच्या वर्षी रेआल बामाको हा त्याचा क्लब आफ्रिकेच्या क्लब स्पर्धेत अंतिम फेरीत पोचला, त्यात केटाचे गोल धडाधड. देशाला वाटलं, हा आपला. तेही चूक नव्हतं.

बामाकोत एक लेबनीज व्यापारी होता, सेंत एतिएनचा चाहता. त्याने क्लबला पत्रं लिहिली: असा असा मुलगा इथे आहे, बघा. त्या पत्रांतून विमान, आणि विमानातून ती टॅक्सी.

केटा आला त्या पहिल्या हंगामात मेखलुफी संघात होता. म्हणजे परदेशी मैदानावर कसं राहायचं हे शिकवायला ड्रेसिंग रूममध्ये एक माणूस बसलेला होता. याची किंमत मोठी असते. त्यानंतर केटाने काय केलं? क्लबने १९६८, १९६९, १९७० अशी लागोपाठ तीन वर्षं लीग जिंकली. १९६९ मध्ये युरोपियन कपमध्ये बायर्न म्युनिककडून बाहेर २-० असा पराभव, आणि घरच्या मैदानावर ३-० असा विजय. तिसरा गोल केटाचा. १९७०-७१ च्या हंगामात लीगमध्ये ४२ गोल. पाच वर्षांत दीडशेच्या आसपास लीग सामने आणि १२० च्या आसपास गोल.

१९७० मध्ये फ्रान्समधल्या एका फुटबॉल नियतकालिकाने आफ्रिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार सुरू केला, आणि पहिला मान केटाला मिळाला. इथे पुन्हा कागद आडवा येतो बघा. हेच नियतकालिक युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूला बॅलन डी'ऑर देत होतं. पण तो फक्त युरोपीय नागरिकांना. १९९५ पर्यंत हा नियम होता. मोझांबिकमध्ये जन्मलेल्या युसेबिओला तो १९६५ मध्ये मिळाला, कारण मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं आणि युसेबिओ कागदावर पोर्तुगीज. केटाचा देश स्वतंत्र झाला, म्हणून केटा त्या यादीत बसतच नव्हता. स्वातंत्र्याची अशीही एक किंमत असते.

मुदतीचा करार आल्यावर क्लबचे मालक शांत बसले असं नाही. सेंत एतिएनचे अध्यक्ष रोजे रोशे. कर्तबगार माणूस, बांधकाम व्यवसायातला, क्लब त्याने घडवला. पण खेळाडू स्वतःच्या मर्जीने जातो ही कल्पना त्याला सोसत नसे. १९७१ मध्ये दोन मोठे खेळाडू मार्सेयला जाणार असं कळल्यावर त्याने त्यांना हंगाम चालू असतानाच घरी बसवलं, आणि त्या वर्षी लीग मार्सेयने जिंकली. १९७२ मध्ये केटाचंही क्लबशी बिनसलं आणि तोही मार्सेयला गेला. जुन्या क्लबविरुद्ध पहिलाच सामना आला, त्यात त्याने दोन गोल केले आणि जुन्या मालकांच्या दिशेने हाताने अशी एक खूण केली की जी मी इथे करून दाखवणार नाही.

पण मार्सेयमध्ये नवा पेच. परदेशी खेळाडूंच्या जागा मर्यादित, आणि क्लबकडे परदेशी खेळाडू आधीच होते. क्लबचं म्हणणं, तू फ्रेंच नागरिक हो, प्रश्न मिटेल. व्यवहार म्हणून बघितलं तर अगदी सोपी गोष्ट. केटाने नाही म्हटलं. जो मुलगा देशाच्या अधिकाऱ्यांचं न ऐकता निघून आला होता, त्याने देशाचा पासपोर्ट मात्र सोडला नाही. एका हंगामात मार्सेय सोडलं आणि १९७३ मध्ये स्पेनला गेला, व्हॅलेन्सियाला. तिथून लिस्बनचा स्पोर्टिंग, आणि शेवटी अमेरिकेत बॉस्टनकडे. चार देश, पाच क्लब.

टॅक्सीतला मुलगा अकादमी काढतो

इथे थांबलो असतो तर ही एका मोठ्या खेळाडूची गोष्ट झाली असती. पण मला जे सांगायचंय ते यानंतर सुरू होतं.

केटा मालीला परत गेला आणि १९९४ मध्ये बामाकोत त्याने स्वतःच्या नावाचं फुटबॉल प्रशिक्षण केंद्र काढलं. देशातलं या प्रकारचं पहिलं. त्यातून महामादू दियारा निघाला, जो पुढे ल्यों आणि रेआल माद्रिदला खेळला. केटाचा पुतण्या सैदू केटा निघाला, जो बार्सिलोनाला पोचला. १९९९ च्या युवा विश्वचषकात माली तिसरा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू सैदू ठरला.

आता विचार करा. १९६७ मध्ये हा माणूस अधिकाऱ्यांची मर्जी मोडून युरोपात आला. तेव्हा तो मोकळ्या पायांच्या बाजूला होता. १९९४ नंतर तो टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलाय. दहा-बारा वर्षांची पोरं त्याच्याकडे येतात, त्यांना बूट, जेवण, प्रशिक्षक, सगळं हा देतो. आणि एक दिवस कोणीतरी एजंट येतो, मुलाला विमानात बसवतो, आणि केंद्राला काहीही मिळत नाही. मग पुढच्या मुलाचे बूट कोण आणणार?

आणि नेमक्या याच सुमाराला, १५ डिसेंबर १९९५ रोजी, युरोपच्या न्यायालयाने बोस्मन प्रकरणाचा निकाल दिला. झां-मार्क बोस्मन हा बेल्जियमचा साधा खेळाडू. त्याचा करार संपला होता, तरी जुना क्लब त्याला सोडायला पैसे मागत होता. न्यायालय म्हणालं, करार संपला की माणूस मोकळा. आणि युरोपीय संघातल्या नागरिकांवर परदेशी म्हणून संख्येची मर्यादा घालता येणार नाही. न्जो लेआने १९६१ मध्ये जे मागितलं होतं, ते चौतीस वर्षांनी युरोपभर झालं. पण याचा दुसरा परिणाम असा की युरोपीय खेळाडूंनी मर्यादित जागा भरण्याची गरज उरली नाही. त्या जागा बाहेरच्यांसाठी मोकळ्या झाल्या. आणि क्लबांची नजर आफ्रिकेतल्या लहान, स्वस्त मुलांकडे गेली.

त्यातून काय झालं हे ऐकायला त्रास होतो. घरच्यांनी जमीन, दागिने विकून खोट्या एजंटला पैसे दिलेले. मुलगा पॅरिसला उतरलेला. चाचणी झाली नाही किंवा झाली आणि नापास झाला. एजंट फोन उचलत नाही. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, हातात परतीचं तिकीट नाही. कॅमेरूनचा माजी खेळाडू झां-क्लोद म्ब्वूमें याने २००० मध्ये पॅरिसमध्ये अशा मुलांसाठी फूट सोलिदेअर नावाची संस्था काढली, ती काही उगाच नाही.

२००१ मध्ये फिफाने नियम बदलले. अठरा वर्षांखालच्या मुलाची एका देशातून दुसऱ्या देशात ट्रान्सफर नाही, काही अपवाद सोडून. हे नियम मोठ्यांनाही लागले. २०१४ मध्ये बार्सिलोनासारख्या क्लबवर याच कारणाने नवे खेळाडू घ्यायला बंदी आली. आणि दुसरी तरतूद माझ्या मते तितकीच महत्त्वाची: खेळाडूच्या ट्रान्सफरच्या रकमेतले पाच टक्के, तो बारा ते तेवीस वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांत घडला, त्यांच्यात वाटायचे.

हिशोब करून बघू. समजा एका खेळाडूची ट्रान्सफर एक कोटी युरोला झाली. पाच टक्के म्हणजे पाच लाख. ज्या केंद्राने त्याला बारा ते सोळा अशी चार वर्षं सांभाळलं, त्याच्या वाट्याला नियमाप्रमाणे एक लाख युरो येतात. माद्रिदमध्ये ही रक्कम कोणाच्या लक्षातही येणार नाही. बामाकोत त्यातून केंद्र चालतं. अर्थात नोंदी नीट असतील तर. मुलगा कोणत्या तारखेला आला, कोणत्या तारखेला गेला, याचा कागद जपून ठेवला असेल तर. गरीब क्लब इथेच हरतात.

म्हणून केटाने आपली बाजू बदलली असं मला म्हणायचं नाही. मला वाटतं, प्रश्नच एका बाजूने सुटणारा नाही हे त्याच्या आयुष्यात दिसतं. मुलाचे पाय मुलाचे, हे खरं. पण त्या पायांना कोणीतरी उभं राहायला शिकवलेलं असतं, हेही खरं. पस्तिशीपर्यंतचा करार पहिलं विसरला होता. खोटा एजंट दोन्ही विसरतो.

आणि आपण?

शेवटी थोडं आपल्याकडचं. कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम १९३६ मध्ये ग्लासगोच्या सेल्टिककडे गेला. अनवाणी खेळायचा, पायाला पट्ट्या बांधून. राखीव संघातून दोन सामने खेळला, लोक थक्क झाले, क्लबने राहा म्हटलं. तो राहिला नाही. घरची ओढ लागली. त्याला कागदाची अडचण नव्हती, ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन होता तो. अडचण मनाची होती. उलट १९९९ मध्ये भायचुंग भुतिया इंग्लंडच्या बरीला गेला तेव्हा मन तयार होतं, पण व्हिसाच्या अडचणी पार कराव्या लागल्या.

आणि एक बाजू आपण विसरतो. कोणासाठी तरी परदेश म्हणजे आपणच असतो. गोव्यात धेंपोकडून नायजेरियाचा रँटी मार्टिन्स वर्षानुवर्षं खेळला. त्याच धेंपोचा ब्राझीलचा क्रिस्तियानो ज्युनियर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि गेला. पंचवीस वर्षांचा होता. त्यानंतर मैदानावरच्या वैद्यकीय सोयींवर बरीच चर्चा झाली. परक्या देशातून आलेल्या मुलाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हा आपल्या दारात आला होता.

मेखलुफी २०२४ मध्ये गेले, केटा २०२३ मध्ये, न्जो लेआ त्याआधीच. तिघेही आता नाहीत. पण आज इथे ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या घरात चांगला खेळणारा मुलगा किंवा मुलगी असेल, आणि उद्या परदेशातून बोलावणं आलं, तर आनंद जरूर करा. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. कराराची मुदत किती? इथे ज्यांनी शिकवलं त्यांची नोंद कुठे आहे? आणि तिथे उतरल्यावर घ्यायला कोणी आलं नाही, तर टॅक्सीचं भाडं कोण देणार? केटाच्या वेळी देणारं कोणीतरी होतं.

इथे थांबतो.